शून्य निकाल आला म्हणजे संयुग नवीन, असं नसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएच.डी.चं पहिलं वर्ष, विषय बिजिनेली रिॲक्शनमधून (अल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया यांच्यापासून) मिळणारे डायहायड्रोपिरिमिडिनोन. गाइड म्हणाले, ‘लिटरेचर बघून या आणि आपली संयुगं नवीन आहेत का ते सांगा.’ विद्यापीठाच्या ग्रंथालयात सायफाइंडर (रसायनशास्त्राचे पेपर, पेटंट आणि संयुगं शोधायचा डेटाबेस) आहे. त्यात विषयाचं नाव टाकलं तर हजारो पेपर येतात, स्वतःच्या संयुगाचं नाव टाकलं तर शून्य. याचा आनंद मानायचा का? शिवाय घरून ते उघडत नाही, मग गूगल स्कॉलरवर भागवलं तर चालेल का?

आनंद इतक्यात नको. तो शून्य तुमच्या संयुगाचा नाही, तुम्ही टाकलेल्या नावाचा आहे.

मी स्वतः पीएच.डी. केली ती नव्वदच्या दशकात, छापील केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्सच्या खंडांवर. अमेरिकन केमिकल सोसायटीने १९०७ साली सुरू केलेलं हे काम. जगभरच्या रसायनशास्त्राच्या पेपरांचे आणि पेटंटांचे गोषवारे, आणि दर पाच वर्षांनी त्यांची सामूहिक सूची. आम्ही तिला गमतीने पंचवार्षिक योजना म्हणायचो. एकेक खंड दोन्ही हातांनी उचलावा लागे. त्या सूचीत संयुग शोधायचं तर आधी त्याचं ‘सूचीतलं नाव’ काय असेल ते ओळखावं लागायचं, आणि ते नाव आपण प्रयोगशाळेत म्हणतो ते कधीच नसायचं. तुमचंच उदाहरण घ्या. आपण ‘डायहायड्रोपिरिमिडिनोन’ म्हणतो, सूचीत मात्र ते ‘५-पिरिमिडिनकार्बॉक्सिलिक ॲसिड’ या मथळ्याखाली जातं, आणि पुढे स्वल्पविराम देऊन १,२,३,४-टेट्राहायड्रो, ६-मिथाइल, २-ऑक्सो अशी शेपटी. ‘डायहायड्रो’खाली महिनाभर शोधलं असतं तरी काही हाती लागलं नसतं. छापील आवृत्ती २०१० साली बंद झाली, पण नावांचा तो गुंता संगणकात तसाच उतरला आहे. केमड्रॉ या रचना काढायच्या सॉफ्टवेअरने बनवून दिलेलं नाव तुम्ही चिकटवलंत, आणि डेटाबेसमध्ये त्याच संयुगाची जी नावं नोंदली आहेत त्यांत ते अक्षरशः तसं नव्हतं. बस्स, शून्य.

म्हणून पहिली गोष्ट: नाव टाकू नका, रचना काढा.

हे का चालतं ते समजून घ्या, नाहीतर सायफाइंडर म्हणजे महागडं गूगल वाटेल. सायफाइंडर चालवणाऱ्या, ओहायोतल्या कोलंबस इथल्या सीएएस (केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस) संस्थेत १९६५ पासून प्रत्येक नव्या पदार्थाला एक रजिस्ट्री क्रमांक देतात. पेपरमध्ये किंवा पेटंटमध्ये एखादं संयुग आलं की त्याची रचना, म्हणजे कोणता अणू कोणाला कोणत्या बंधाने जोडला आहे हे, तपासून नोंदलं जातं आणि तो पेपर त्या क्रमांकाशी बांधला जातो. लेखकाने संयुगाला ‘४ग’ म्हटलेलं असो की स्वतःच्या आडनावावरून काही नाव दिलेलं असो, फरक पडत नाही. आज त्या नोंदवहीत २० कोटींहून जास्त पदार्थ आहेत. गूगल स्कॉलर अक्षरं वाचतं. पेपरमध्ये संयुगाचं नावच लिहिलेलं नसेल, फक्त आकृती आणि एक तक्ता असेल, तर ते त्याला दिसत नाही. सेंद्रिय रसायनातले निम्मे तक्ते असेच असतात. तेव्हा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते: पेपरचं शीर्षक माहीत असेल किंवा कोणी कोणाचा संदर्भ दिला ते बघायचं असेल तर गूगल स्कॉलर उत्तम. ‘हे संयुग कोणी आधी केलंय का?’ या प्रश्नाला ते कुचकामी आहे.

क्रमांकाविषयी एक गंमत, उपयोगाचीही आहे. त्यातला शेवटचा अंक तपासणीचा असतो. पाण्याचा क्रमांक ७७३२-१८-५. शेवटचा ५ बाजूला ठेवा आणि उरलेले अंक उजवीकडून १, २, ३ असे गुणत या: ८, २, ६, १२, ३५, ४२. बेरीज १०५, शेवटचा अंक ५. जुळलं. पुरवठादाराच्या बिलावरचा किंवा एखाद्या प्रबंधातला क्रमांक संशयास्पद वाटला की मी पेन्सिलने हे करून बघते, टायपिंगची चूक दहा सेकंदांत सापडते. मात्र बरोबर क्रमांक म्हणजे बरोबर पदार्थ असं नाही. मोरचूद, म्हणजे पाच रेणू पाणी असलेलं निळं कॉपर सल्फेट, ७७५८-९९-८. निर्जल पांढरं कॉपर सल्फेट ७७५८-९८-७. दोन्ही क्रमांक तपासणीत पास होतात आणि वजन करताना तुमचा हिशोब चुकवतात. क्षार वेगळा, हायड्रेट वेगळं, एकेक एनॅन्शिओमर (आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी एक) वेगळा, दोन्हींचं समान मिश्रण म्हणजे रेसिमिक वेगळं. तुमच्याच घराण्यातलं मोनॅस्ट्रॉल घ्या, १९९९ साली पेशीविभाजन रोखणारा रेणू म्हणून गाजलेलं. त्याच्या रेसिमिक रूपाची आणि ‘एस’ रूपाची नोंद वेगळी आहे. एका क्रमांकावरून शोधलं तर दुसऱ्यावर बांधलेले पेपर राहून जातात. रचनेवरून शोधलं तर दोन्ही येतात.

आता काढायचं कसं. ड्रॉइंगच्या खिडकीत सहा सदस्यांचं कडं काढा: दोन नायट्रोजन, त्यांच्यामध्ये कार्बोनिल, पाच आणि सहामध्ये दुहेरी बंध. पाचव्या कार्बनवर एस्टर, सहाव्यावर मिथाइल, चौथ्यावर तुमचं ॲरिल. एवढं पूर्ण काढून आधी ‘ॲज ड्रॉन’ शोधा. हा तुमचा नेमका रेणू. इथे शून्य आला तर त्या शून्याला थोडा अर्थ आहे. मग तीच आकृती ठेवून चौथ्या जागेवरचं प्रतिस्थापन काढून टाका आणि सबस्ट्रक्चर, म्हणजे हा तुकडा पोटात असलेले सगळे रेणू, शोधा. सबस्ट्रक्चरमध्ये जिथे तुम्ही काही काढलेलं नाही तिथे काहीही असू शकतं, हा नियम डोक्यात पक्का हवा. नायट्रोजनवर हायड्रोजन स्पष्ट लिहिलात तर तिथे दुसरं काही येणार नाही आणि एन-मिथाइलवाली सगळी संयुगं निकालातून गळतील. ते हवं असेल तर छान, नकळत झालं तर घात. उलट, तुमच्या कड्याला शेजारी दुसरं कडं चिकटलेलं नको असेल तर ‘लॉक रिंग’चं कुलूप लावा, नाहीतर क्विनाझोलिनचा लोंढा येईल. ॲरिल कोणतंही चालेल असं म्हणायचं असेल तर कार्बनचं कोणतंही कडं दाखवणारं ‘सीबी’ हे सामान्य चिन्ह वापरा, हॅलोजन कोणताही चालेल तर ‘एक्स’. टॉटोमर (हायड्रोजन आणि दुहेरी बंधाची जागा बदलून होणारी त्याच संयुगाची रूपं) काही प्रमाणात यंत्रणा स्वतःच जुळवते, पण मी अजूनही कीटो आणि इनॉल दोन्ही काढून बघते. सवय म्हणा, संशयी स्वभाव म्हणा.

थायो-युरियावालं कुटुंब वेगळं काढायला विसरू नका. कार्बोनिलच्या जागी गंधक. विद्यार्थी हमखास विसरतात, आणि परीक्षक हमखास तेच विचारतात.

तुमचा दुसरा प्रश्न, हजारो पेपरांचं काय करायचं. हजारो येणारच. बिजिनेलीने ही रिॲक्शन १८९१ साली मांडली आणि १८९३ मध्ये सविस्तर छापली. त्याच्या शताब्दीला, १९९३ साली, ‘टेट्राहेड्रॉन’मध्ये एक मोठा आढावा आला. सुरुवात त्या आढाव्यापासून करा. डॉक्युमेंट टाइपच्या गाळणीत ‘रिव्ह्यू’ निवडलं की असे आढावे वर येतात. आधी चार आढावे वाचायचे आणि मग मूळ पेपरांच्या जंगलात शिरायचं. शब्दांनी शोधताना सुटे शब्द टाकू नका, पर्यायी नावं ‘ऑर’ने जोडून कंसात घाला, मग दुसरी कल्पना ‘अँड’ने जोडा. पण खरी धार गाळण्यांना आहे. प्रत्येक संदर्भात पदार्थाची भूमिका नोंदलेली असते: तयार केला, अभिकारक म्हणून वापरला, जैविक चाचणी केली, विश्लेषण केलं. ‘प्रेपरेशन’ निवडलं की ज्या पेपरांत तो फक्त प्रस्तावनेत डोकावतो ते सगळे बाजूला पडतात. ही गाळणी न वापरणारे लोक पाहिले की मला तांदूळ न निवडता शिजवलेला भात आठवतो.

तुमच्या विषयाला मात्र रिॲक्शन सर्चच जास्त उपयोगी. गाइडना नवं संयुग हवंय की नवा कॅटलिस्ट, हे त्यांना स्पष्ट विचारा, कारण आपल्याकडे बिजिनेलीवरचे बहुतेक प्रबंध दुसऱ्या प्रकारचे असतात. डावीकडे अल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया, उजवीकडे उत्पादनाचं कडं, असं काढा आणि शोधा. निकालाच्या बाजूला कॅटलिस्ट, सॉल्व्हंट, यील्ड (किती टक्के उत्पादन हाती आलं), किती पायऱ्या अशा गाळण्या असतात. कॅटलिस्टची यादी पूर्ण उघडा आणि शांतपणे खालपर्यंत वाचा. लुईस आम्लं, आयन एक्सचेंज रेझिन, माती, नॅनोकण, आयनिक द्रव, आणि हो, फळांचे रससुद्धा. ती यादी वाचून झाल्यावर ‘आमचा कॅटलिस्ट हरित, स्वस्त आणि पुनर्वापरयोग्य आहे’ हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिताना हात जरा अडखळेल. अडखळायलाच हवा. माझं मत विचाराल तर बिजिनेलीला अजून एका कॅटलिस्टची गरज नाही. पण विषय तुमचा नाही, गाइडचा आहे, हे मला कळतं. मग निदान असं काही शोधा जे त्या यादीत खरंच विरळ आहे: ॲलिफॅटिक अल्डिहाइडवर बरे यील्ड, किंवा एकच एनॅन्शिओमर. यील्डची गाळणी लावून बघा, कुठल्या प्रकारच्या अल्डिहाइडवर निकाल रोडावतात ते तुम्हालाच दिसेल.

यील्डच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. डेटाबेस पेपरमध्ये लिहिलं आहे तेच दाखवतो, पेपर चांगला की वाईट हे तो ठरवत नाही. नेहमी मूळ पेपर उघडा, पुरवणी माहितीत एनएमआर आहे का बघा. ‘ऑर्गॅनिक सिंथेसेस’मधली कृती सापडली तर डोळे मिटून तीच घ्या, तिथे प्रत्येक कृती दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिल्याशिवाय छापत नाहीत. आणि पदार्थाच्या पानावर उत्कलनबिंदू, पीकेए वगैरे दिसतात त्यातले बरेच गणकाने वर्तवलेले असतात. पानावर तसं लिहिलेलं असतं, पण घाईत नजर जात नाही. एका प्रबंधात वर्तवलेला उत्कलनबिंदू ‘साहित्यातील मूल्य’ म्हणून छापलेला मी स्वतः पाहिला आहे. मोजलेलं मूल्य हवं तर ‘एक्स्पेरिमेंटल’ निवडा आणि त्याचा संदर्भ उघडा. तुमच्याकडे रीॲक्सिस हा दुसरा डेटाबेस असेल तर या कामाला ते जास्त चांगलं. त्याच्या पोटात बाइलस्टाइनचा आणि ग्मेलिनचा जुना जर्मन संग्रह आहे. बाइलस्टाइनच्या बाजूचं साहित्य १७७१ पर्यंत मागे जातं. ‘वितळणबिंदू २०० ते २०५ असलेली संयुगं’ असा उलटा प्रश्नही तिथे विचारता येतो. दोन्ही डेटाबेस एकमेकांवर पूर्ण पडत नाहीत. प्रबंधाच्या आधी एकदा दोन्हींत बघून घ्यावं, दुसरा तुमच्याकडे नसला तर शेजारच्या विद्यापीठात मैत्रीण शोधावी.

आता माझी फजिती. पीएच.डी.नंतर मी औषध-रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीच्या संशोधन विभागात होते. एका मालिकेतल्या सहा संयुगांचा शोध मी घेतला होता. रचना नीट काढलेली, सबस्ट्रक्चर, टॉटोमर, सगळं. सहाच्या सहा शून्य. बैठकीत मी छाती पुढे काढून सांगितलं, नवीन आहेत. दोन महिने दोघेजण ती संयुगं बनवत होते. मग पेटंटचं काम बघणाऱ्या बाईंनी एकच वाक्य विचारलं, ‘मार्कुश पाहिलंत का?’ पाहिलं नव्हतं. एका जुन्या पेटंटच्या दाव्यात ‘आर-एक म्हणजे अल्काइल, ॲरिल किंवा हेटेरोॲरिल’ अशी सामान्य आकृती होती आणि आमची सहाही संयुगं तिच्यात आरामात बसत होती. त्यांतलं एकही त्या पेटंटवाल्यांनी बनवलेलं नव्हतं, म्हणून एकाचीही रजिस्ट्रीत नोंद नव्हती. युजीन मार्कुशने १९२४ साली रंगद्रव्यांच्या पेटंटमध्ये अशी भाषा मंजूर करून घेतली, तेव्हापासून जगभरचे वकील तिच्यावर जगतात. सायफाइंडरमध्ये पेटंटांतल्या मार्कुश रचनांचा शोध वेगळा असतो, नेहमीच्या पदार्थ-शोधात तो आपोआप होत नाही. तुमच्या प्रबंधासाठी मार्कुशमध्ये सापडणं म्हणजे विषय बुडाला असं नाही, संयुग प्रत्यक्ष बनवून त्याची माहिती देणं हे शास्त्र म्हणून नवीनच आहे. पण विद्यापीठाचा पेटंट कक्ष अर्ज भरायला सांगत असेल तर आधी हे बघाच.

डेटाबेसमध्ये नाही म्हणजे जगात नाही, असंही नसतं. हळदीची गोष्ट आपल्याला माहीत असते, पण तिच्यातला हा भाग कोणी सांगत नाही. जखम भरायला हळद वापरण्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. माशेलकरांच्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं, ३२ संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्या संदर्भांत संस्कृत, उर्दू, हिंदी मजकूर होता, १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला पेपरही होता. कोणत्याही रचनेच्या शोधात असला मजकूर हाती लागत नाही. तुमच्या बाबतीत याचं छोटं रूप म्हणजे शोधगंगा, भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. तुमच्याच विभागातल्या जुन्या प्रबंधात तेच संयुग पडून असतं आणि त्यावर पेपर कधीच आलेला नसतो. तिथे तुमच्या रिॲक्शनचं नाव टाकून एक दुपार घालवा.

राहिला घरून न उघडण्याचा प्रश्न. ग्रंथालयाचं सदस्यत्व कॅम्पसच्या आयपी पत्त्यांवर चालतं. पहिली नोंदणी कॅम्पसच्या नेटवर्कवरून करावी लागते, आणि ईमेल विद्यापीठाचाच लागतो. जीमेल चालत नाही. नोंदणी ग्रंथालयाच्या पानावर दिलेल्या दुव्यावरून करा, सीएएसच्या मुखपृष्ठावरून नाही. आणि हसू नका, पण फोन वायफायवर आहे ना ते बघा. मोबाइल डेटावर नोंदणी करून ‘आमच्याकडे सायफाइंडर नाही’ म्हणणारे दर वर्षी भेटतात. नंतर घरून उघडायला ग्रंथालयाची प्रॉक्सी किंवा व्हीपीएन लागतं. कोणतं लागतं आणि सदस्यत्वात ते बसतं का, हे ग्रंथपालच सांगतील. संलग्न महाविद्यालयात संशोधन करत असाल आणि विद्यापीठाचा ईमेलच नसेल, तर खरी अडचण आहे. तेव्हा मान्यताप्राप्त संशोधन केंद्राकडून पत्र घेऊन ग्रंथालयात बसून काम करण्याची परवानगी मागा. विचारलं की बहुतेक ठिकाणी मिळते, न विचारता कोणी देत नाही.

लॉगिन मात्र कोणालाही देऊ नका, विशेषतः कंपनीत लागलेल्या सीनियरला. विद्यापीठाचं सदस्यत्व शिक्षण आणि संशोधनासाठी आहे, धंद्यासाठी नाही. स्क्रिप्ट लावून शेकडो पानं खेचू नका. एका वेळी ५,००० पेक्षा जास्त नोंदी जवळ साठवायच्या नाहीत अशी अटही आहे. एकाने मोडलं तर पुरवठादार सगळ्या विद्यापीठाचा प्रवेश थांबवू शकतो.

सापडलेला पेपर उघडण्यासाठी वेगळी तजवीज लागते, हे नवख्यांना कळत नाही. डेटाबेस पत्ता देतो, पेपर देत नाही. सरकारी संस्थेत असाल तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं उघडतात, अमेरिकन केमिकल सोसायटीचीसुद्धा. ती योजना नियतकालिकांची आहे, तिच्या भरवशावर सायफाइंडरचं नूतनीकरण थांबवायला निघालेली समिती दिसली तर हा फरक त्यांना सांगा. आणि सायफाइंडर बंद असेल त्या दिवशी हात बांधून बसू नका. पबकेम या डेटाबेसमध्येही रचना काढून शोधता येतं, फुकट. सीएएसचंच कॉमन केमिस्ट्री सुमारे पाच लाख नेहमीच्या पदार्थांचे क्रमांक मोफत दाखवतं. तिथे सापडलं तर संयुग बहुधा जुनं. नाही सापडलं तर काहीच नक्की नाही.

प्रत्येक शोधाची नोंद वहीत करा: तारीख, काढलेल्या आकृतीची प्रिंट, कोणती कुलपं लावली, किती निकाल आले. तीन वर्षांनी तोंडी परीक्षेत ‘नवीन आहे हे कशावरून?’ असं विचारतील तेव्हा हे पान उघडायचं. त्याच शोधावर अलर्टही लावून ठेवा, म्हणजे मधल्या काळात दुसऱ्या कोणी ते संयुग छापलं तर ईमेल येईल. प्रबंध सादर करायच्या आठवड्यात सगळे शोध पुन्हा चालवा.

पुढच्या वेळी ग्रंथालयात जाल तेव्हा नावाची खिडकी उघडूच नका. कडं काढा, आधी ऑक्सिजनवालं, मग गंधकवालं. निकाल काय येतात ते कळवा. आणि ग्रंथपालांना विचारा, आपल्या सदस्यत्वात मार्कुश उघडतं का.